पगार, संत्री आणि स्पॅनिश : क्रियापदांची रूपे व अनेकवचन मराठीतून शिकण्याची वाट

नागपुरात स्पॅनिश शिकू लागलेला विद्यार्थी साधारणपणे पहिल्या पंधरवड्यातच एका तक्त्यापाशी अडखळतो. एकेका क्रियापदाची सहा रूपे, क्रियापदांचे तीन गट, शिवाय नामाचे वचन बदलले की त्याच्यासोबत बदलणारी विशेषणे, हा सगळा पसारा इंग्रजी पुस्तकात पाहिल्यावर ही भाषा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी आहे असा त्याचा समज होतो आणि पुष्कळदा शिकणे तिथेच थांबते. मी स्वतः ज्या वर्गात पहिल्यांदा स्पॅनिश शिकले तिथेही तक्ते सुरात म्हणवून घेत असत, आणि दोन महिन्यांनंतर मला तक्ता येत होता, वाक्य येत नव्हते. पुढे धरमपेठेतल्या घरी नवशिक्यांना शिकवू लागल्यावर हळूहळू लक्षात आले की क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता ओळखणे, प्रत्येक नामाला लिंग असणे, ‘मला आवडते’ अशी रचना असणे, या गोष्टी इंग्रजीला परक्या असल्या तरी मराठीला अंगच्याच आहेत. म्हणून मराठी माणसाने स्पॅनिश मराठीतूनच शिकावी, आणि जिथे मराठी आपल्याला चकवते त्या मोजक्या जागा आधीच ओळखून ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. पुढील पायऱ्या त्याच धोरणाने मांडल्या आहेत. रोज पाऊण तास दिल्यास वर्तमानकाळ आणि अनेकवचन पक्के व्हायला साधारण दीड ते दोन महिने पुरतात.

आधी कान, मग वही

या लेखात स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. तुमच्या वहीत मात्र ते पहिल्या दिवसापासून रोमन लिपीतच लिहा, कारण अनेकवचनाचे काही नियम अक्षरांवर अवलंबून आहेत. उच्चारात आपली बाजू मजबूत आहे. स्पॅनिशमधील ‘टी’ आणि ‘डी’ ही अक्षरे दातांना जीभ लावून म्हणायची असतात, म्हणजे सरळ आपले त आणि द. तरीही इंग्रजी शाळेची सवय इतकी खोल असते की ‘तू’ हा शब्द, जो अर्थाने आणि उच्चाराने आपल्या ‘तू’सारखाच आहे, तो विद्यार्थी ‘टू’ असा वाचतात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘एच’ लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘बी’ आणि ‘व्ही’ या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच, साधारण ब. जिथे मी ख लिहिला आहे तिथे तो घशातून घासत येणारा, फारसी शब्दांतील ख समजावा.

स्वर पाचच आहेत आणि ते शब्दाच्या शेवटीही पूर्ण उच्चारायचे असतात. मराठीत आपण ‘घर’ लिहितो आणि शेवटचा अ गिळतो. तीच सवय स्पॅनिशमध्ये नेली तर क्रियापदाचा शेवट ऐकूच येत नाही, आणि या भाषेत कर्ता त्या शेवटातच बसलेला असतो. आघाताचा नियम सोपा आहे. शब्द स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ या अक्षराने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, जसे पा-गो) येतो, अन्यथा शेवटच्या अवयवावर येतो, आणि याला अपवाद असेल तिथे अक्षरावर तिरकी खूण देतात. ही खूण सजावटीची नाही. ‘पागो’ या शब्दात ‘पा’वर जोर दिला तर अर्थ होतो ‘मी पैसे देतो’, आणि ‘गो’वर जोर दिला तर ‘त्याने पैसे दिले’.

पगारापासून सुरुवात

बहुतेक पुस्तके ‘बोलणे’ या अर्थाच्या आब्लार या क्रियापदापासून सुरुवात करतात. मी पागारपासून करते, कारण ते आपल्याला आधीच येते. मराठीतला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत पागार म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही लॅटिनच्या मुली असल्याने स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद त्याच अर्थाने आहे. दर महिन्याला ज्या शब्दाची घरात वाट पाहिली जाते तो शब्द म्हणजे एका स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप आहे, हे कळल्यावर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरतो.

आता पागारमधील शेवटचा ‘आर’ कापून टाका. उरतो ‘पाग’, हा आपला धातू समजा. त्याला सहा प्रत्यय लागतात. मी देतो : यो पागो. तू देतोस : तू पागास. तो किंवा ती देते : एल पागा, एया पागा. आम्ही देतो : नोसोत्रोस पागामोस. तुम्ही देता : बोसोत्रोस पागाइस. ते देतात : एयोस पागान. ही सहा रूपे वहीत दोन स्तंभांत लिहा, डावीकडे एकवचन आणि उजवीकडे अनेकवचन, आणि धातू पेन्सिलीने व प्रत्यय शाईने लिहा, म्हणजे न बदलणारा भाग आणि बदलणारा भाग डोळ्यांना वेगवेगळे दिसतील.

या तक्त्याकडे पाठांतर म्हणून पाहण्याआधी तो मराठीशेजारी ठेवून पाहा. आपण ‘देतोस’, ‘बोलतेस’, ‘जातोस’ म्हणतो, तेव्हा शेवटचा स ऐकताच समोरच्याला ‘तू’ असे कळते. स्पॅनिशमध्येही स हा ‘तू’चाच आहे : पागास. इंग्रजीत मात्र वर्तमानकाळी स लागतो तो ‘तो’ आणि ‘ती’ला, आणि इंग्रजीतून विचार करणारे विद्यार्थी नेमके ‘एल पागास’ लिहून चुकतात. त्यांना मी एवढेच सांगते की मनात आधी मराठी वाक्य म्हणा आणि त्यातला स कुठे आहे ते पाहा. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांच्यासाठी आणखी एक आधार आहे. वदसि, वदामः, वदन्ति ही रूपे आठवा आणि त्यांच्याशेजारी पागास, पागामोस, पागान ठेवा. ‘तू’साठी स, ‘आम्ही’साठी म, ‘ते’साठी न, अशी ही जुळणी योगायोगाने झालेली नाही, संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या असल्याने हे प्रत्यय एकाच मुळापासून आलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘तो’साठी वदतिसारखा त देखील होता, स्पॅनिशपर्यंत येताना तो झिजून गेला. दहावीत गुण मिळावेत म्हणून पाठ केलेले संस्कृत इथे अनपेक्षितपणे कामी येते, आणि विद्यार्थ्यांना याचा आनंद झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

शेवटावरून कर्ता कळत असल्याने सर्वनाम गाळता येते. मराठीत ‘उद्या येतोस का?’ विचारताना आपण ‘तू’ म्हणत नाही, तसेच स्पॅनिश माणूस नुसते ‘पागो’ म्हणतो. सर्वनाम घातले तर त्यावर भर येतो : ‘यो पागो’ म्हणजे ‘पैसे मी देतो, तुम्ही नाही’. नकार क्रियापदाच्या आधी येतो : नो पागो. आणखी एक सुखाची गोष्ट अशी की क्रियापदाला लिंग नाही. पुरुष ‘देतो’ म्हणो किंवा स्त्री ‘देते’ म्हणो, दोघांचेही पागोच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा आपला सुंदर भेदही तिथे नाही, दोन्हींसाठी नोसोत्रोस. मात्र गटात सगळ्या स्त्रियाच असतील तर नोसोत्रास म्हणतात.

उरलेले दोन गट

मूळ रूप ‘एर’ने संपत असेल तर प्रत्ययांतला आ बदलून ए होतो. कोमेर म्हणजे खाणे : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. मूळ रूप ‘ईर’ने संपत असेल, जसे बिबीर म्हणजे राहणे, तर बिबो, बिबेस, बिबे, बिबीमोस, बिबीस, बिबेन. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत आहे, हे एकदा पाहून घेतले की तिसरा तक्ता वेगळा पाठ करण्याची गरज उरत नाही.

बोसोत्रोसविषयी एक व्यावहारिक सूचना. हे सर्वनाम आणि त्याची रूपे स्पेनमध्ये रोजच्या बोलण्यात आहेत; लॅटिन अमेरिकेत मात्र ‘तुम्ही सगळे’साठी उस्तेदेस वापरतात आणि त्याला ‘ते’चे रूप लागते, म्हणजे उस्तेदेस पागान. स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे आणि त्यांतले बहुसंख्य देश लॅटिन अमेरिकेत आहेत. म्हणून शिक्षणासाठी स्पेनला जायचे नसेल तर बोसोत्रोसची रूपे ओळखण्यापुरती शिका आणि सरावाचा वेळ बाकीच्या पाच रूपांना द्या.

बाबा एकटेच आहेत

एका विद्यार्थिनीच्या वहीत पहिल्याच परिच्छेदात वाक्य होते : ‘मी पाद्रे त्राबाखान एन उन बांको’, म्हणजे माझे बाबा बँकेत काम करतात. (स्पॅनिश ‘मी’ म्हणजे ‘माझा’, हेही इथेच टिपून ठेवावे.) त्राबाखार म्हणजे काम करणे, आणि त्राबाखान हे रूप तिने तक्त्यातून अचूक उचलले होते. मी त्या शेवटच्या न-खाली लाल शाईने रेघ ओढली तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, बाबांना एकेरी कसं लिहू?’

तिची अडचण खरी होती आणि ती व्याकरणाची नव्हती. मराठीत बाबा येतात, सर शिकवतात, आजोबा झोपले आहेत. माणूस एक असला तरी आदराने क्रियापद अनेकवचनी होते. स्पॅनिशमध्ये अनेकवचन फक्त संख्येसाठी आहे. बाबा एक असतील तर त्राबाखा, शिक्षक एक असेल तर आब्ला, राष्ट्राध्यक्ष एक असेल तरी आब्ला. इंग्रजी किंवा फ्रेंच माणूस ही चूक करणार नाही, म्हणून बाहेरच्या पुस्तकांत तिच्याबद्दल सूचना नसते. मराठी विद्यार्थी ती हमखास करतो आणि सहा महिने शिकल्यावरही करतो. यावर माझा उपाय एकच आहे : आई, बाबा, आजी, आजोबा, सर आणि मॅडम अशा सहा आदरार्थी माणसांची प्रत्येकी तीन वाक्ये लिहायची आणि प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी न आलेला नाही ना, हे बोट ठेवून तपासायचे.

आदर व्यक्त करण्याची स्पॅनिशची पद्धत निराळी आहे आणि तिचे नाव उस्तेद. ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, या जुन्या संबोधनाचा उच्चार झिजत झिजत उस्तेद झाला. मूळ संबोधन ‘कृपा’ या नामाला उद्देशून असल्याने त्याला ‘तो’ आणि ‘ती’चे रूप लागते : उस्तेद पागा. समोर बसलेल्याच माणसाला आपण ‘साहेब चहा घेणार का?’ असे विचारतो तेव्हा हाच आडवळणाचा आदर असतो, म्हणून ही रचना आपल्याला समजायला जड जाऊ नये. दुकानदार, अनोळखी वडीलधारे, अधिकारी यांच्याशी उस्तेद वापरा, बरोबरीच्यांशी तू.

एकाचे अनेक करताना

नामाचे अनेकवचन स्पॅनिशमध्ये मराठीपेक्षा फार सोपे आहे. मराठीत आंबा-आंबे, नदी-नद्या, भिंत-भिंती, फूल-फुले अशा कितीतरी तऱ्हा आहेत. तिथे शब्द स्वराने संपत असेल तर शेवटी स लावायचा : कासा म्हणजे घर, कासास, लिब्रो म्हणजे पुस्तक, लिब्रोस, काफे, काफेस. व्यंजनाने संपत असेल तर ए आणि स मिळून होणारा एस लावायचा : फ्लोर म्हणजे फूल, फ्लोरेस, पापेल म्हणजे कागद, पापेलेस, सिउदाद म्हणजे शहर, सिउदादेस, रेय म्हणजे राजा, रेयेस. निम्म्याहून जास्त काम एवढ्यावर होते.

पुढचे दोन नियम लिहिताना लागतात. शेवटी ‘झेड’ हे अक्षर असेल तर ते काढून ‘सी’ लिहितात आणि मग एस लावतात; लापिस म्हणजे पेन्सिल, तिचे लापिसेस, आणि लूस म्हणजे दिवा किंवा प्रकाश, त्याचे लूसेस. आघाताची खूण मात्र नीट समजून घ्यावी लागते. अनेकवचन झाले तरी आघात मूळ अवयवावरच राहतो, फक्त शब्द एका अवयवाने लांबल्यामुळे खुणेची गरज बदलते. कान्सिओन म्हणजे गाणे. त्यात आघात शेवटच्या अवयवावर असून शब्द ‘एन’ने संपतो, म्हणून खूण द्यावी लागते. कान्सिओनेस झाल्यावर तोच अवयव शेवटून दुसरा होतो, नियम आपोआप पाळला जातो आणि खूण गळते. खोबेन म्हणजे तरुण, त्यात याच्या उलट घडते : एकवचनात खूण नाही, खोबेनेस या अनेकवचनात आघात शेवटून तिसऱ्या अवयवावर गेल्यामुळे खूण येते. हे दोन शब्द एकाखाली एक लिहून स्वतः अवयव मोजून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण खुणांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

वारांची नावे सोमवार ते शुक्रवार ‘एस’ने संपतात आणि बदलत नाहीत, बदलते फक्त त्यांच्या आधीचे उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’ किंवा ‘अ’सारखा नामाआधी येणारा छोटा शब्द. एल लूनेस म्हणजे सोमवारी, लोस लूनेस म्हणजे दर सोमवारी.

हे उपपद आपल्याकडे नाही, म्हणून ते सतत विसरले जाते. पुल्लिंगी एल, अनेकवचनी लोस. स्त्रीलिंगी ला, अनेकवचनी लास. अनिश्चित अर्थी उन, उना, उनोस, उनास. मराठीत तीन लिंगे आहेत आणि स्पॅनिश नामांना दोनच, त्यामुळे मराठी लिंग तिकडे नेता येत नाही : आपले पुस्तक नपुंसकलिंगी, लिब्रो पुल्लिंगी, आपले फूल नपुंसकलिंगी, फ्लोर स्त्रीलिंगी. बहुधा ओ-कारान्त शब्द पुल्लिंगी आणि आ-कारान्त स्त्रीलिंगी असतात, पण ‘हात’ या अर्थाचा मानो स्त्रीलिंगी आहे आणि ‘दिवस’ या अर्थाचा दीआ पुल्लिंगी. म्हणून कोणताही नवा शब्द वहीत एकटा लिहू नका, त्याचे उपपद सोबत लिहा. मुलगे आणि मुली मिळून गट असेल तर मराठीत आपण ‘ती सगळी’ म्हणून नपुंसकलिंगाकडे वळतो. स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी अनेकवचन घेतात, त्यामुळे लोस एर्मानोस म्हणजे नुसते भाऊ किंवा भाऊ-बहिणी, संदर्भानुसार.

आता मराठीने दिलेले दोन चकवे. पहिला : आपल्याकडे पुष्कळ पुल्लिंगी शब्द अनेकवचनात तसेच राहतात. एक लाडू, दोन लाडू. एक दगड, दहा दगड. एक किलो, पाच किलो. संख्या सांगितली की वचन कळलेच, असा आपला हिशेब. स्पॅनिश संख्या सांगूनही स सोडत नाही : उन कीलो, दोस कीलोस. दुसरा चकवा विशेषणांचा. ‘मोठा’ बदलते, पण ‘गोड’ आणि ‘लाल’ बदलत नाहीत. गोड संत्रे, गोड संत्री. स्पॅनिशमध्ये गोड म्हणजे दुल्से, आणि नाम अनेकवचनी झाले की दुल्सेस म्हणावेच लागते. लाल पुस्तके : लोस लिब्रोस रोखोस. तीन शब्द, तिन्हींच्या शेवटी स. मोठ्याने वाचताना हे तीन स एकामागोमाग ऐकू आले पाहिजेत.

मला संत्री आवडतात

या एका वाक्यासाठी मराठी विद्यार्थ्याला जेवढा आत्मविश्वास वाटावा तेवढा थोडाच. इंग्रजीत ‘मी’ हा कर्ता आणि संत्री हे कर्म. मराठीत आवडणारी वस्तू हा कर्ता, म्हणून संत्रे आवडते आणि संत्री आवडतात. आवड ज्याची त्याला ‘मला’ म्हणून बाजूला बसवलेले. स्पॅनिशमध्ये अगदी असेच आहे. मे गुस्ता ला नारांखा : मला संत्रे आवडते. मे गुस्तान लास नारांखास : मला संत्री आवडतात. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही रचना बसवायला महिने लागतात आणि पुस्तकांत तिच्यासाठी वेगळा धडा असतो. मराठी माणसाने तो धडा न वाचता मराठी वाक्यावर स्पॅनिश शब्द एकेक करून ठेवावेत. मला म्हणजे मे, तुला म्हणजे ते, त्याला-तिला म्हणजे ले, आम्हाला म्हणजे नोस, त्यांना म्हणजे लेस. शब्दांचा क्रम थोडा फिरतो आणि उपपद घालावे लागते, एवढेच. दुखण्याचीही तीच रचना आहे : डोके दुखते, मे दुएले ला काबेसा, पाय दुखतात, मे दुएलेन लोस पिएस.

नारांखा हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. संस्कृत नारङ्ग फारसीत गेला, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर स्पेनला पोहोचला. आपल्याकडे तो नारिंगी रंगाच्या नावात टिकून आहे. नेमकेपणाने बोलायचे तर कळमन्याच्या बाजारात ढीग लागतात ते आपले सैल सालीचे संत्रे स्पॅनिश माणसाच्या दृष्टीने मांदारीना ठरेल, कारण नारांखा म्हणजे घट्ट सालीचे फळ. नागपुरात बोलताना आपण ‘एक संत्रा, दोन संत्रे’ म्हणतो आणि प्रमाण लेखनात ‘एक संत्रे, दोन संत्री’ लिहितो, म्हणजे ‘संत्रे’ हे रूप घरी अनेकवचनी आणि वहीत एकवचनी असते. मराठीत ही कसरत सहज करणाऱ्या माणसाला उना मांदारीना, दोस मांदारीनास अवघड वाटण्याचे कारण नाही.

अनियमित क्रियापदे, पण थोडकीच

सुरुवातीला सहा-सात पुरतात. ‘आहे’साठी दोन क्रियापदे आहेत. सेर : सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन. एस्तार : एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. कोण, कसला, कुठला हे सांगताना सेर. कुठे आणि कोणत्या स्थितीत हे सांगताना एस्तार. ‘मी नागपूरचा आहे’ म्हणजे सोय दे नागपुर, आणि ‘मी नागपुरात आहे’ म्हणजे एस्तोय एन नागपुर. ही जोडी पाठ असली की बाकीची वाक्ये तिच्याशी ताडून पाहता येतात. एखादी वस्तू ‘असणे’ एवढेच सांगायचे तर आय हा शब्द वापरतात आणि तो वचनाप्रमाणे बदलत नाही : आय उना मांदारीना, आय दिएस मांदारीनास.

तेनेर म्हणजे जवळ असणे, आणि इथे मराठी उलट दिशेने ओढते. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘मला भूक लागली’ म्हणतो. आवडण्याच्या रचनेवर विसंबून विद्यार्थी इथेही ‘मे’ घालतात. स्पॅनिशमध्ये इथे ‘मी’ हाच कर्ता आहे : तेंगो दोस एर्मानोस, तेंगो आंब्रे. वयही याच क्रियापदाने सांगतात : तेंगो बेइंते आन्योस, मी वीस वर्षांचा आहे. रूपे अशी : तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. तेंगोसारखाच ‘मी’च्या रूपात ‘गो’ घेणारा एक लहान गट आहे : पोंगो म्हणजे ठेवतो, साल्गो म्हणजे निघतो, बेंगो म्हणजे येतो, आगो म्हणजे करतो.

काही क्रियापदांत धातूमधला स्वर फुटतो. केरेर म्हणजे हवे असणे : किएरो, किएरेस, किएरे, किएरेन, पण केरेमोस आणि केरेइस. पोदेर म्हणजे शकणे : पुएदो, पुएदेस, पुएदे, पुएदेन, पण पोदेमोस आणि पोदेइस. आघात धातूवर असतो तेव्हा स्वर फुटतो, आणि प्रत्यय लांबल्यामुळे आघात पुढे सरकला की मूळ स्वर परत येतो. मराठीत ‘दूध’मधला ऊ दीर्घ असतो आणि ‘दुधाला’ म्हणताच ऱ्हस्व होतो, ‘मूल’चे ‘मुलाला’ होते. शब्द पुढे वाढला की आतला स्वर बदलण्याची ही सवय आपल्या कानाला आहेच.

शेवटचे ईर, म्हणजे जाणे : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. हे लवकर शिकण्याचे कारण असे की त्याच्यापुढे ‘आ’ आणि कोणतेही मूळ रूप ठेवले की भविष्यकाळाचे काम भागते. बोय आ पागार : मी पैसे देणार आहे.

भूतकाळ या लेखाच्या कक्षेत नाही, पण त्यातला एक धोका आताच सांगून ठेवते. ‘मी संत्रे खाल्ले’, ‘मी दोन संत्री खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात आपले क्रियापद कर्मामागे जाते. स्पॅनिशमध्ये क्रियापद सदैव कर्त्यामागेच जाते, म्हणून एक खाल्ले तरी कोमी आणि दोन खाल्ली तरी कोमी.

रोजचा सराव

पहिले दोन आठवडे फक्त नियमित क्रियापदे घ्या, रोज तीन, आणि प्रत्येकाची रूपे तक्त्यात न लिहिता वाक्यांत लिहा. तिसऱ्या आठवड्यात अनेकवचन सुरू करा. यासाठी मी विद्यार्थ्यांना वही घेऊन गोकुळपेठेच्या बाजारात पाठवते. दिसेल त्या वस्तूचे उपपदासह एकवचन आणि अनेकवचन मनात म्हणायचे आणि न आलेले शब्द टिपून आणायचे. पोर्तुगीजांनी आणलेला ‘बटाटा’ स्पेनमध्ये पाताता आणि लॅटिन अमेरिकेत पापा आहे; आपण नागपूरकर त्याला आलू म्हणतो तो भाग वेगळा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आवडण्याची रचना आणि अनियमित क्रियापदे घ्या. रूपाविषयी शंका आली तर रेआल आकादेमिया एस्पान्योला या १७१३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि त्यात क्रियापदांची सर्व रूपे दिलेली असतात. भाषांतर करणाऱ्या ॲपपेक्षा तो वापरण्याची सवय लावा.

सहाव्या आठवड्यात पुढील परिच्छेद मोठ्याने वाचा : बिबो एन नागपुर. मी पाद्रे त्राबाखा एन उन बांको इ मी माद्रे बेंदे फ्लोरेस. लोस लूनेस बामोस आल मेर्कादो. कोंप्रामोस दिएस मांदारीनास दुल्सेस इ दोस कीलोस दे पापास. यो पागो. मे गुस्तान लास मांदारीनास, पेरो आ मी एर्माना ले गुस्ता एल काफे. अर्थ असा : मी नागपुरात राहते. माझे बाबा बँकेत काम करतात आणि आई फुले विकते. दर सोमवारी आम्ही बाजारात जातो. दहा गोड संत्री आणि दोन किलो बटाटे विकत घेतो. पैसे मी देते. मला संत्री आवडतात, पण माझ्या बहिणीला कॉफी आवडते.

मग हा परिच्छेद रोमन लिपीत वहीत उतरवा, निळ्या पेनाने प्रत्येक क्रियापदाच्या शेवटाखाली आणि हिरव्या पेनाने प्रत्येक नामाच्या व विशेषणाच्या शेवटाखाली रेघ ओढा, आणि निळ्या रेघेवर बोट ठेवून कर्ता कोण ते मराठीत मोठ्याने सांगा. त्यानंतर पुस्तक मिटून, बाबांच्या जागी आई-बाबा दोघे, दहा संत्र्यांच्या जागी एकच संत्रे आणि ‘मी’च्या जागी ‘तू’ घालून तोच परिच्छेद पुन्हा लिहा.